चुकलेला नेम : सिएरा माद्रेतील मृगया आणि तिचे वाङ्मय

आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी लेखकाचा उल्लेख होतो तो बहुधा एकाच प्रसंगाच्या सोबतीने होतो. १९०९ साली वनखात्यात नुकताच दाखल झालेला हा तरुण ॲरिझोनाच्या डोंगराळ मुलुखात एका उंच कड्यावर सोबत्यांसह दुपारचे जेवण घेत बसला होता. खालच्या खळाळत्या नदीतून एक प्राणी पार होताना दिसला. ती लांडग्याची मादी होती. पिले तिच्या स्वागताला धावून आली आणि कड्यावरच्या बंदुका त्या घोळक्यावर रिकाम्या झाल्या. मरत्या मादीच्या डोळ्यांतला हिरवा प्रकाश विझताना लिओपोल्डने पाहिला. लांडगे संपले म्हणजे हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांचा स्वर्ग अवतरेल, या आपल्या समजुतीला तिथे तडा गेला, असे तो सांगतो. हा निबंध त्याने १९४४ साली लिहिला. १९४८ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी निघालेल्या ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ या पुस्तकात हा निबंध समाविष्ट झाला.

या निबंधाची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याच्या कीर्तीने लिओपोल्ड या लेखकाचे नुकसानच केले आहे, असे मला वाटते. घटना आणि लेखन यांच्यामध्ये पस्तीस वर्षे गेली आहेत. या पस्तीस वर्षांपैकी पहिली बरीच वर्षे लिओपोल्ड स्वतः हिंस्र श्वापदांच्या निर्दालनाचा पुरस्कर्ता होता. तेव्हा त्या डोळ्यांतल्या प्रकाशात १९०९ च्या उन्हापेक्षा १९४४ च्या दिव्याचा अंश अधिक आहे. यात असत्य काही नाही. आठवण ही अशीच घडत जाते. पण मतपरिवर्तनाचा क्षण इतका घोटीव झाला, की त्यातून अनुभवाऐवजी उपदेशच हाती येतो. पुढे निबंधात येणारी हरणे तर केवळ संख्या म्हणून येतात : डोंगरावरचे प्रत्येक झुडूप ओरबाडणारी आणि अखेर आपल्याच अतिरेकाने उपासमारीने मरणारी. (ॲरिझोनातल्याच कैबाब पठारावरील हरणांच्या ज्या आकड्यांवर असली विवेचने पुष्कळ काळ उभी होती, त्यांच्याविषयी ग्रेम कॉघ्ली या प्राणिशास्त्रज्ञाने १९७० साली गंभीर शंका उपस्थित केल्या. निबंधाचे वाङ्मयीन मूल्य त्या वादावर अवलंबून नाही.) आश्चर्य याचे की, या प्रसंगातला सर्वांत खरा तपशील भाष्यकार सहसा वगळतात. नदी ओलांडणारा प्राणी प्रथम त्या मंडळींना हरणीच वाटला होता. काठावर चढून तिने शेपूट झटकले तेव्हा कुठे ती लांडगी आहे हे कळले. ज्याच्या डोळ्यांत हरीणच भरले आहे त्याला पाण्यातली लांडगीही हरीण दिसते. शिकाऱ्याच्या दृष्टीविषयी या एका वाक्यात जे आले आहे, ते पुढच्या सगळ्या चिंतनात नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक निबंध आहे, गाविलान नदीच्या गाण्याविषयीचा. तो प्रथम १९४० साली प्रसिद्ध झाला. गाविलान ही मेक्सिकोतील पश्चिम सिएरा माद्रे पर्वतातली, चिवावा प्रांतातली नदी. १९३६ साली आणि पुन्हा १९३७-३८ च्या हिवाळ्यात लिओपोल्ड तेथे हरणाच्या पारधीला गेला, तो बंदूक न घेता धनुष्य घेऊन. हा मुलूख आपल्या ओळखीच्या अरण्यांहून निराळा आहे. माथ्याला पाइन, उतारांवर ओक, त्यांच्याखाली वाळून सोनेरी झालेले गवत आणि घायपाताच्या जातीची काटेरी झाडे. आणखी खाली उतरावे तसतसे काटवन आणि मग वाळवंट. पाणी थोडे, दगड अपार. तेथले हरीणही लहानखोर असते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची ही एक वाळवंटी उपजात असून एलियट काउझ या लष्करी वैद्याचे आणि निसर्गाभ्यासकाचे नाव तिला मिळाले आहे. दगडाच्याच रंगाचे हे जनावर उभे असले तरी दिसत नाही. म्हणून तेथल्या पारधीत धावपळीपेक्षा पाहणे फार. समोरच्या उतारावर दुर्बीण लावून माणूस तासन्‌तास बसतो आणि सावलीचा एखादा कान हलण्याची वाट पाहतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. रात्री थंडावलेली हवा घळीतून खाली वाहते. ऊन चढले, उतार तापले, की ती वर वळते. ज्याला या वळणाची वेळ कळली नाही त्याचा वास त्याच्याआधी हरणापर्यंत जाऊन पोहोचतो.

निबंधातला मुख्य प्रसंग असा आहे. डोंगरातल्या लहानमोठ्या नळ्यांतून वर चढताना लिओपोल्डला ठिकठिकाणी दगडांचे आडवे बांध आढळतात. एकाचा माथा दुसऱ्याच्या पायाशी, असे पायऱ्यापायऱ्यांनी ते वर जातात, आणि प्रत्येकामागे मातीचा लहानसा तुकडा साचलेला असतो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी केव्हातरी तेथे राहणाऱ्या शेतकऱ्यांचे हे काम. शेतकरी गेले, बांध राहिले. आता या सपाट तुकड्यांवर हरणे निजतात. कारण तेथे दगड टोचत नाहीत, पाचोळ्याचे अंथरूण असते, आणि चाहूल लागताच बांधावरून एक उडी घेतली की झाले, पाहणाऱ्याच्या नजरेआड. एके दिवशी घोंघावणाऱ्या वाऱ्याच्या आडोशाने लिओपोल्ड अशाच एका बांधावर निजलेल्या नरापर्यंत सरपटत येतो. जुन्या दगडांना मुळांची मिठी घालून उभा असलेला प्रचंड ओक, त्याच्या सावलीत हरीण, मागच्या सोनेरी गवतावर उमटलेली शिंगे आणि कान. बाण सुटतो, वरून जातो आणि त्या विस्मृत शेतकऱ्याने रचलेल्या दगडांवर आपटून फुटतो. हरीण पांढरे शेपूट हलवीत उतारावरून निघून जाते.

हे पान त्या लांडग्याच्या पानाहून श्रेष्ठ आहे असे माझे स्पष्ट मत आहे. येथे प्रत्येक वस्तू आपापल्या कामात गुंतलेली आहे. वारा वर्णनासाठी वाहत नाही. वाळलेल्या पाचोळ्यावरचा पायरव तोच झाकतो आणि त्याच्यावाचून हा प्रसंग घडूच शकला नसता. बांध केवळ पुरातनाचे स्मरण देत नाही. तो हरणाची शेज आहे, पळण्याची वाट आहे, आणि बाण फुटतो तोही त्याच्यावरच. मर्ढेकरांनी लयीचे जे तीन नियम सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांची प्रतीती शोधायला येथे खटपट करावी लागत नाही. लेखक स्वतःच त्या दृश्याच्या तोलाची तुलना नेटक्या मांडलेल्या जेवणाच्या मेजाशी करतो. ही तुलना सुसंस्कृत वाचकाला खटकेल. मला मात्र ती प्रामाणिक वाटते. धनुष्य ताणून बसलेल्या माणसाला सौंदर्य आणि जेवण एकाच जागी दिसले, तर त्याने ते लपवावे कशासाठी?

प्रसंगाच्या शेवटी लिओपोल्ड एक इच्छा व्यक्त करतो. आज जी आपली बाग आहे तेथेही कधीकाळी एक थोरला ओक वाढावा, त्याच्या पाचोळ्यात हरणे निजावीत, शिकाऱ्यांनी सरपटत यावे, नेम चुकवावा, आणि ही भिंत कोणी बांधली असेल याचा विचार करीत राहावे. पाहता पाहता शिकारी त्या नाहीशा झालेल्या शेतकऱ्याच्या जागी जाऊन बसला आहे. दुर्दैवाने या दोहोंच्या मध्ये एक वाक्य आहे. हरीण आणि मी ही एका रूपककथेतली पात्रे आहोत हे मला उमगले, अशा आशयाचे ते वाक्य. रूपककथा आहे हे लेखकाने सांगायचे नसते. सांगितले की हरीण तत्क्षणी हरीण राहत नाही. त्या उतारावरून उड्या घेत गेलेल्या जनावराला लेखकाने पुन्हा दोरी लावून ओढून आणले, असे ते वाक्य वाचताना वाटते. भाषांतरकाराला ते गाळण्याचा अधिकार नाही. टीकाकाराला मात्र खंत नोंदवता येते.

न लागलेल्या बाणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात रथातून हरणाचा पाठलाग करणारा दुष्यन्त तपस्व्याच्या शब्दाने थांबतो आणि बाण भात्यात परत जातो. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’त एक गाथा आहे. हरणांची जोडी एकमेकांना वाचवण्यासाठी आपापले अंग बाणापुढे करते, आणि ते पाहून व्याधाच्या हातून आसवांनी भिजलेले धनुष्य सुटते. १९५६ साली स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ मराठीत साक्षेपाने आणल्यापासून तो मराठी रसिकाच्या जवळचा झाला आहे. दोन्ही ठिकाणी काव्य उच्च कोटीचे आहे. परंतु दोन्ही ठिकाणी बाण अडतो तो माणसाकडून : एकदा आश्रमाच्या मर्यादेने, एकदा करुणेने. हरीण वाचते ते माणसाच्या चांगुलपणाचे प्रमाण म्हणून. लिओपोल्डचा बाण खरोखरच सुटतो. त्याला हरीण मारायचे असते आणि मारता येत नाही, एवढेच. या चुकलेल्या नेमात कोणाच्याही चांगुलपणाचा वाटा नाही. म्हणूनच ते हरीण कोणाचे ऋणी न होता निघून जाऊ शकते. करुणेच्या काव्यात वाढलेल्या आपल्या अभिरुचीला ही कोरडी सुटका प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. मला तिच्यात प्राण्याविषयीचा अधिक आदर दिसतो.

ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाने १९४२ साली लिस्बनमध्ये असताना एका सरदारमित्राच्या शिकारग्रंथाला प्रदीर्घ प्रस्तावना लिहिली. तिच्यात त्याने हत्या हा मृगयेचा हेतू नसून तिच्या खरेपणाची साक्ष आहे, असा युक्तिवाद केला आहे. युक्तिवाद तल्लख आहे. पण गाविलानच्या त्या बांधावर त्याची पंचाईत होते, कारण तेथे साक्ष मिळाली नाही आणि मृगया मात्र पुरेपूर घडली. ओर्तेगाचे त्याच निबंधातले दुसरे निरीक्षण, शिकारी म्हणजे सर्व दिशांनी सावध झालेला माणूस, हे मात्र या वाळवंटी डोंगरांना अगदी चपखल लागू पडते.

हे लेखन मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती क्रियेच्या नावाचीच. आपल्याजवळ तीन शब्द आहेत आणि तिघांची कुळे वेगळी. ‘शिकार’ फारसीतून आलेला. त्याच्यामागे दरबार, हाकारे आणि मचाण उभे असते. ‘मृगया’ संस्कृत. तिचा धातू शोधण्याचा. मृग म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू, म्हणून तर सिंह मृगेंद्र झाला. पुढे अर्थ आकसत हरणापुरता उरला. इंग्रजीतल्या हरणवाचक शब्दाचीही गोष्ट नेमकी हीच आहे. त्याचाही मूळ अर्थ पशू. मृगापासूनच ‘मार्ग’ आणि मार्गापासून आपला ‘माग’, अशी व्युत्पत्ती कोशकार देतात. म्हणजे आपण माग काढतो तेव्हा नकळत हरणामागूनच चाललेलो असतो. तिसरा शब्द ‘पारध’. तो ‘पापर्द्धि’ या संस्कृत शब्दावरून प्राकृतमार्गे आला. पापाची समृद्धी असा त्याचा उघड अर्थ, आणि तरीही मराठी खेड्यात तो शतकानुशतके निर्वेधपणे वावरत आला. निषेध पोटात ठेवून क्रियेचे नाव घेणारा हा शब्द लिओपोल्डसाठी मी निवडतो. मृगया फार राजस आणि शिकार फार गोंगाटाची. एकट्याने, वाऱ्याच्या रुखाने, धनुष्य घेऊन सरपटत जाणे म्हणजे पारध. या शब्दाला एक काळी बाजूही आहे. ज्यांनी फासे लावून हरणे धरली त्या फासेपारध्यांना १८७१ च्या कायद्याच्या राजवटीत जन्मजात गुन्हेगार ठरवले गेले, आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. राजाची ती मृगया आणि पारध्याचा तो गुन्हा, हा भेद आपल्या भाषेनेच जपून ठेवला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर आपल्या वाचकाला ही क्रिया पुस्तकातच भेटते.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र मराठी सधन ठरते. त्या दगडी बांधांना इंग्रजीत पाणी अडवण्याच्या यंत्रणेचे एक रुक्ष नाव आहे. आपल्याकडे माणदेशाच्या माळरानावरचा शेतकरी त्यांना ‘ताली’ म्हणतो आणि पडलेली ताल पुन्हा घालणे हे त्याचे उन्हाळ्यातले काम असते. तालीवर निजलेले हरीण म्हटले की चिवावातला तो डोंगर माणदेशी वाचकाला परका राहत नाही. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्या गद्यामुळे असा कोरडवाहू मुलूख आणि त्यातली जनावरे यांच्यासाठी शब्द कमी पडत नाहीत. कमी पडतो तो एकच. दरवर्षी गळून पुन्हा उगवणारे आणि जन्मभर टिकणारे, या दोन्हींना आपण ‘शिंग’च म्हणतो, सांबराचे आणि काळविटाचे वेगळे करायचे तर वाक्य लांबवावे लागते.

गाविलानचे पाणी पुढे बाविस्पे नदीला मिळते, बाविस्पे याकी नदीत जाते, आणि याकी सोनोराच्या वाळवंटातून कॅलिफोर्नियाच्या आखाताकडे उतरते. त्या खालच्या अंगाला जे लोक राहतात त्यांना जग याकी म्हणते. ते स्वतःला योएमे म्हणवतात. एकाच पाण्याच्या दोन टोकांना हरणाच्या पारधीची दोन वाङ्मये आहेत. लिओपोल्डला त्या दुसऱ्याची वार्ता होती असे त्याच्या निबंधावरून दिसत नाही. ही गाणी मूळ भाषेसह इंग्रजीत वाचायला मिळाली ती लॅरी एव्हर्स आणि स्वतः योएमे गायक असलेले फेलिपे मोलिना यांनी १९८७ साली सिद्ध केलेल्या संग्रहामुळे.

या गाण्यांची मांडणी अशी असते. नर्तकाच्या मस्तकावर हरणाचे शिर, पायांत कोशांचे खुळखुळे, हातात भोपळ्याचे खुळखुळे. तो गात नाही. गायक बाजूला बसतात. काही खाचा पाडलेल्या काठ्या घासतात, एक जण पाण्यावर तरंगणाऱ्या पालथ्या भोपळ्यावर ताल धरतो. परंपरा सांगते की, पूर्वी पारधीला जाण्याआधी हे रात्रभर चाले आणि हरणाकडे क्षमा मागितली जाई. गाणे हरणाचे असते. त्याला ते धाकटा भाऊ म्हणतात, आणि गायकाचे काम त्या भावाचा आवाज माणसांच्या भाषेत उतरवणे एवढेच. म्हणजे गायक हाच पहिला भाषांतरकार. गाण्याचे दोन भाग. पहिल्यात एखादी हालचाल पुन्हा पुन्हा येते : शिंगे घासणे, उभे राहणे, पाण्याकडे जाणे. दुसरा भाग ‘तिकडे’ या दिशेने वळतो आणि तीच हालचाल फुलांनी भरलेल्या रानाच्या मध्यभागी नेऊन ठेवतो. फुलाचा शब्द जवळपास प्रत्येक वस्तूला लागलेला असतो. हा अलंकार नव्हे. सोनोराच्या काटवनाला उन्हाळी पाऊस लागला की आठवड्याभरात करडे डोंगर हिरवे होऊन फुलतात, हे तेथे डोळ्यांनी पाहायचे सत्य आहे. ज्या भाषेत पहिल्या पावसाच्या नक्षत्राचेच नाव मृग, त्या भाषेच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आकाशात तर संपूर्ण पारधच मांडलेली आहे. मृग आहे, व्याध आहे, आणि तिथे बाण चुकलेला नाही. तो तीन तारकांच्या रूपाने मृगाच्या अंगात रुतलेला आहे.

योएमे गाण्यांतही बाण लागतो, आणि मला सर्वांत विचार करायला लावते ते हेच. हरीण मेल्यावरही गाणी थांबत नाहीत. मृताच्या वर्षश्राद्धाच्या सोहळ्यात हरणाच्या वधाची गाणी म्हटली जातात, असे संग्रहकार सांगतात. मरणाच्या या गाण्यांत हरीण ‘मी’ म्हणूनच बोलते. ते शाप देत नाही, करुणा भाकीत नाही. आपण एका कथेत आहोत असे म्हणणे तर दूरच. लिओपोल्डच्या लांडगीच्या डोळ्यांत पाहणाऱ्याने काही वाचले. येथे पाहणाराच मध्ये नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकन सरकारने या लोकांना धरून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर पाठवले. कित्येक जण सरहद्द ओलांडून ॲरिझोनात पळाले. अमेरिकेने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती १९७८ साली. एवढे सोसलेल्या समाजाने हरणाच्या तोंडी स्वतःचे दुःख घालण्याचा मोह टाळला असेल, तर तो संयम कोणत्याही साहित्यशास्त्राने अभ्यासावा असा आहे. वाचकाने तो अर्थ लावला तर गाणी त्याला अडवीतही नाहीत.

लिओपोल्ड ज्या गाविलानविषयी लिहितो ती पुढे फार दिवस तशी राहिली नाही. त्याच्याबरोबर तेथे पारधीला गेलेला त्याचा मुलगा स्टार्कर १९४८ साली परत गेला, तो रस्ता आणि लाकूडतोड येऊन पोहोचलेली पाहून आला. त्यावर त्याने १९४९ साली त्या नदीला निरोप देणारा लेख लिहिला. बापाच्या निबंधाशेजारी तो ठेवून वाचावा.

ही गाणी मराठीत आणताना गाडे अडते ते ‘मी’पाशी. आपल्या भूतकाळाला कर्त्याचे लिंग हवे असते. हरीण तर मराठीत नपुंसकलिंगी. त्या लिंगाला प्रथम पुरुषात बोलण्याचा सराव नाही. ‘मी आलो’ म्हणवावे तर पुरुष बोलतो, ‘मी आले’ म्हणवावे तर स्त्री. कोणतेही क्रियापद घ्या, हरणाच्या मुखवट्याआडून माणूस डोकावतो. पण मरणाच्या त्या गाण्यांपैकी ज्यात हरीण या जगातले आपले हिंडणे संपल्याचे सांगते, ते पुढे पाहून बोललेले आहे. आणि मराठीत ‘मी हिंडणार नाही’ या रूपाला लिंग नाही. तेवढे एक गाणे जसेच्या तसे आणता येते.